सात गाठींचं पाणी

वन्सं, कावळा लगेच शिवला.

दहाव्याला घाटावर आम्ही सगळे उभे होतो. गुरुजींनी पिंड ठेवले, मागे सरा म्हणाले, आणि आम्ही नीट मागे सरायच्या आत एक डोमकावळा आला आणि भात उचलून गेलासुद्धा. हे, म्हणजे तुमचे धाकटे बंधू, हात जोडून "ताई, घराची काळजी करू नकोस" असं म्हणायला लागले होते, त्यांचं वाक्य अर्धंच राहिलं. गुरुजी खूश. म्हणाले, "काही इच्छा राहिली नव्हती हो ताईंची." सगळ्यांनी माना डोलावल्या. मला मात्र राग आला. सकाळपासून मी एक वाक्य मनात घोकत होते. कावळा अडून बसला की पुढे व्हायचं आणि सगळ्यांदेखत ते बोलून टाकायचं, असं ठरवून आले होते. जन्मभर हरएक गोष्टीत अडून बसलात, आणि नेमक्या त्या दिवशी नाही. आता काय म्हणावं तुम्हाला.

सहा वर्षांपूर्वी मी तुमच्याशी एक खोटं बोलले आणि ते तसंच राहिलं. ते सांगायचं होतं.

म्हणून हे लिहितेय. आपल्या महाराष्ट्र मंडळाच्या संक्रांतीच्या अंकासाठी सेक्रेटरींनी मागितलंय. "वहिनी, ताईंच्या तलावाच्या कामावर दोन पानं द्या, थोडं प्रेरणादायी." जन्म कुठला, नोकरी कुठली, ते सगळं ते स्वतःच चौकटीत छापणार आहेत, त्यामुळे मी सुटले. माझं प्रेरणादायी होईल असं काही वाटत नाही. आणि वाचणार तरी किती जण? आपली पोरं मराठी बोलतात, पण हातात कागद दिला की पहिल्या जोडाक्षराशी थबकतात. "काकी, आप ही पढ़ के सुना दो ना." म्हणजे हळदीकुंकवाला मला हे मोठ्यांदा वाचून दाखवावं लागणार. त्या खोट्यात गप्प राहिलेल्या त्याच बायकांसमोर. त्याचीच मला धास्ती आहे, पण चालेल.

मी देवासची, हे तुम्ही मला कधी विसरू दिलं नाहीत. लग्न होऊन आले त्याच आठवड्यात कुठल्याशा गोष्टीवरून मी तुमच्याशी वाद घातला, तेव्हा सासूबाई घाबरल्या आणि तुम्ही हसलात. "एका गावात दोन राजे नांदवणारी माणसं ही, हिच्याशी कोण जिंकणार." मीही गप्प बसले नाही. धार गावात साडेबारा तलाव म्हणून मिरवता, त्यातला हा घरामागचा अर्धाच दिसतोय, म्हणाले. तुम्ही म्हणालात, अर्धा का असेना, पण एके काळी तळ दिसायचा त्याचा. खोटं वाटत असेल तर तुझ्या सासऱ्यांना विचार.

मामंजींना विचारलं. ते म्हणाले, खरं आहे. घाटाच्या शेवटच्या पायरीवर टाकलेला तांब्या वरून दिसायचा.

तेव्हापासून तुमचं सगळं आयुष्य त्या शेवटच्या पायरीपायी गेलं, असं मी म्हटलं तर तुम्ही चिडाल. सिंचाई खात्यात नकाशे उतरवण्याची नोकरी केलीत, लग्न केलं नाहीत, दोन वेळा काशीला जाऊन आलात, पापड उत्तम करायचात, हे सगळं होतंच. पण रिटायर झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात माळ्यावरून मामंजींची तामचिनीची थाळी काढलीत, पांढरी, निळ्या काठाची. तिला तीन भोकं पाडून आणलीत, खाली जुनं लोखंडी वजन बांधलंत आणि वर सुतळी. सुतळीला वीत-वीत अंतरावर गाठी मारल्यात. वीत तुमची. मी माझी वीत लावून पाहिली तर गाठी चुकतात, म्हणून माझ्या हातावर चापट मारलीत.

दर रविवारी भर दुपारी, ऊन थेट डोक्यावर असताना, आपण दोघी घाटावर. मी चौथ्या पायरीवर वाकून थाळी सोडायची आणि दिसेनाशी झाली की गाठी मोजून ओरडायचं. तुम्ही वर छत्री धरून, मांडीवर वही घेऊन. मी म्हणायचे, "दोन." तुम्ही म्हणायचात, "लिहिलं." बस, एवढंच. लोक म्हणायचे, ह्या दोघी बायका तलावाला जेवायला वाढतात.

नऊ गाठींवर थाळी तळाला टेकते. तुमचं म्हणणं एकच होतं: टेकली तरी दिसली पाहिजे.

पहिल्यापासून आपलं भांडण होतं ते गाळावरून. माझं म्हणणं, तलावात माती साठली आहे तर मशीन आणा आणि उपसून काढा. तुम्ही म्हणायचात, माती येते ती वरून. तलावामागच्या टेकडीवर गवत राहिलं नाही, पाऊस पडला की टेकडी उतरून तलावात येते. "नळ सुरू ठेवून मोरी पुसत बसतेस तू," असं मला सगळ्या मंडळासमोर म्हणालात. मी म्हणाले, पण मोरी तुंबली असेल तर आधी ती नको का उपसायला? त्यावर तुम्ही सरळ टेकडीवरच गेलात. आजही मला वाटतं की एकदा थोडा गाळ काढायला हवा होता. त्यावर आपलं शेवटपर्यंत जमलं नाही, आणि आता तुम्ही उत्तर देणार नाही म्हणून मी जिंकले असं मी समजत नाही.

टेकडीवर भेरूलाल बकऱ्या चारायचा. त्याचा बाप तिथेच चारायचा, आजोबाही. तुम्ही त्याला म्हणालात, अर्धी टेकडी दोन वर्षं मोकळी सोड. तो म्हणाला, "बेनजी, म्हारी बकरियाँ कां जायगी?" तुम्ही त्याच्यापुढे उभ्या राहून उपदेश केला नाहीत, ते मी पाहिलं. जमिनीवर बसलात, त्याने पुढे केलेली तमाखू नको म्हणालात, पण त्याच्या चहातला अर्धा चहा प्यायलात आणि काडीने मातीत टेकडी काढून दाखवलीत. या बाजूला बकऱ्या, त्या बाजूला गवत. त्या बाजूचं गवत कापून न्यायचं, पण चारायचं नाही, आणि कापून नेणार तोच, दुसरं कोणी नाही. पुढच्या वर्षी बाजू बदलायची. भेरूलालने दोन दिवस विचार केला आणि हो म्हणाला. त्या पावसाच्या आधी तुम्ही मोकळ्या उतारावर स्वतःच्या हाताने गवताचं बी फेकलंत. ते उगवलं तेव्हा मला ओढत वर नेलंत. हिरवी लव होती नुसती, मी म्हटलं, याच्यासाठी माझी दुपारची झोप मोडली?

आता ती गोष्ट.

त्याच्या पुढच्या वर्षी श्रावणात तुमचा मोतीबिंदू काढायला तुम्ही इंदूरला गेलात, पंधरा दिवस भाच्याकडे राहिलात. इकडे मंडळात मी ठराव मांडला की यंदा प्लास्टरचा गणपती कोणी आणायचा नाही. प्रत्येक घरी मातीचा, आणि तोही आपल्या हातचा. तलाव वाचवायचा. टाळ्या पडल्या, मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतकी वर्षं तलाव म्हटलं की तुमचं नाव निघायचं. शाडू महाराष्ट्रातून मागवायला वेळ नव्हता. तेव्हा मीच म्हणाले, आपल्या टेकडीवरची पिवळी माती काय वाईट आहे? चिकण आहे, घराजवळ आहे.

आम्ही आठ-नऊ जणी होतो. दोन सकाळी गेलो, खुरपी, घमेली, वर पोह्यांचा डबा आणि सेव. गवताचा पातळ थर सोलून बाजूला टाकला, खाली लोण्यासारखी माती. गाणी म्हणत खणलं. वरच्या अंगाला भेरूलाल बकऱ्या घेऊन बसला होता, त्याच्याकडे कोणी लक्षही दिलं नाही. खड्डा चांगला आडवा झाला, दोन खाटा मावतील एवढा. बाकीच्यांनी खणलं, पण जागा मी दाखवली होती. गवत तुम्ही पेरलं होतंत हे मला खणताना आठवलंसुद्धा नाही. तलाव वाचवायला निघालो आणि त्याच्याच उशाशी खणून आलो, हे आमच्यासारख्या शहाण्या बायकांनाच जमावं.

तुम्ही परत आलात, डोळ्यांना काळा चष्मा, महिनाभर चढउतार बंद. आपल्या घरचा गणपती मी केलेला. सोंड जरा जाड झाली होती. तुम्ही जवळ येऊन बोटाने त्याचं पोट चाचपलंत आणि म्हणालात, "माती छान आहे. कुठून आणलीत गं?"

त्या क्षणी मला ते गवत आठवलं. आणि तोंडातून निघून गेलं, "गंधवानीहून मातीची ट्रॉली मागवली."

"बरं," म्हणालात. बाकीच्या जणींनीही तुम्हाला काही सांगितलं नाही, त्यांचेही हात त्याच मातीचे.

पितृपक्षात पाऊस कोसळला. त्या खड्ड्यातून पाण्याने वाट काढली आणि उतारावरून खालपर्यंत ओघळ पडला, माणूस उभा राहील एवढा खोल. तलावाचं पाणी पिवळं झालं. पाऊस ओसरल्यावर रविवारी थाळी सोडली तर पहिल्याच गाठीला दिसेनाशी. आदल्या वर्षी तीन गाठी होत्या. मी "एक" म्हणाले, तेव्हा तुम्ही लगेच "लिहिलं" म्हणाला नाहीत. मी वर पाहिलं. तुम्ही टेकडीकडे बघत होता, चष्मा काढून. मग म्हणालात, "ट्रॉली गंधवानीहूनच आली होती ना गं?"

मी उसळले. माझ्यावर विश्वास नाही का, मी काय चोर आहे का, तुम्हाला टेकडीचं वेड लागलंय, असं काय काय बोलले. थाळी तिथेच पायरीवर टाकून घरी आले आणि बोलणं सोडलं. चूक माझी आणि रुसलेही मीच. हे बिचारे दोघींच्या मध्ये निरोप्याचं काम करत राहिले. "ताई विचारतेय, भाजीत मीठ घातलंय का." "सांगा, चाखून बघा म्हणावं."

अबोला चालला थेट फाल्गुनापर्यंत. आणि त्याच हिवाळ्यात तुम्हाला टेकडीवर रेघा आखायच्या होत्या. गवंड्यांची ती पारदर्शक नळी घेतलीत, लांबलचक, तिच्यात पाणी भरलंत. दोन टोकांना दोन माणसं लागतात. दोन्हीकडे पाणी सारख्या उंचीला आलं की त्या दोन जागा एका पातळीत, तिथे खुंटी ठोकायची. मग खुंटीला खुंटी जोडून रेघ, रेघेवर दगडांचा बांध आणि वाळ्याची रोपं, म्हणजे उतरणारं पाणी अडतं, माती तिथेच बसते. हे तुम्ही ह्यांना सांगत होतात, मी आतून ऐकत होते. ह्यांना एक टोक दिलंत. पहिल्याच दिवशी त्यांनी बोळा न लावता टोक खाली केलं आणि सगळं पाणी त्यांच्या बुटात गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही नळीचं एक टोक माझ्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर ठेवलंत आणि काही न बोलता बाहेर पडलात. मीही काही न बोलता उचललं.

वन्सं, आयुष्यातले चांगले दिवस सांग म्हटलं तर मी ते अबोल्याचे दिवस सांगेन. एक टोक तुमच्याकडे, एक माझ्याकडे, मध्ये तीस-पस्तीस पावलांची टेकडी. बोलायचं नाही असं ठरलेलं, पण बोलल्याशिवाय काम होत नाही. तेव्हा तीनच शब्द. "वर." "खाली." "बस." महिनाभर, रोज सकाळी, थंडीत, तेवढेच तीन शब्द. तुमचा "बस" मी ओळखायला लागले होते. मनासारखं जमलं की जरा लांब यायचा.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी नळी भरताना माझा अंगठा निसटला, नळी हिसका देऊन उडाली आणि पाणी तुमच्या अंगावर. तुम्ही नखशिखांत भिजलात. मी जीभ चावली. तुम्ही तोंड पुसलंत आणि म्हणालात, "होळी खेळायची तर बोलून तरी खेळ." मी हसले, मग मला रडू आलं, मग तुम्ही म्हणालात की चल, भूक लागलीय. झालं, अबोला संपला. तेव्हा सांगून टाकायला हवं होतं. अगदी ओठावर आलं होतं. पण इतक्या दिवसांनी बोलणं सुरू झालं होतं, ते मोडावंसं वाटलं नाही. मग पुढच्या वेळी सांगू, मग त्याच्या पुढच्या. अशी सहा वर्षं गेली.

पुढच्या गणपतीपासून तुम्ही मंडळात नवी रीत पाडलीत. मूर्ती मातीचीच, पण तलावात नाही, घरच्या बादलीत विसर्जन. माती विरघळली की पाणी झाडांना, आणि बादलीतली माती टेकडीवर नेऊन ठेवायची. बायका कुरकुरल्या. तुम्ही म्हणालात, माती आहे, तिला बसायला जागा नको का? आपल्या घरची बादली तुम्ही दर वर्षी मलाच उचलायला लावलीत. वर नेऊन एका ठरावीक जागी उभं करायचात. "इथे ओत." दर वर्षी तीच जागा. तोच खड्डा. मी मान खाली घालून ओतायची आणि मनात म्हणायची, नशीब माझं, वन्संना काही ठाऊक नाही.

यंदा तुमच्याने चढवत नव्हतं. तुम्ही खाली घाटावर बसलात आणि छत्री उंच धरून मला दाखवत राहिलात, अजून डावीकडे, अजून थोडं डावीकडे. मी वरून ओरडले, "कुठेही ओतलं तरी मातीच आहे ना." तुम्ही छत्री हलवतच राहिलात. शेवटी गेले डावीकडे.

वाळा आता माझ्या खांद्याला लागतो. तीन ओळी टेकडीला आडव्या. दगडांच्या बांधामागे माती साठून सपाट पट्ट्या झाल्यात, भेरूलाल त्यावर उभा राहून गवत कापतो. पावसाचं पाणी खाली येतं ते चहाच्या रंगाचं नाही. दोन वर्षांपूर्वी तलावात आतून झुपकेदार पाणवनस्पती उगवली तेव्हा मी पुन्हा भडकले, माती गेली तर हे आलं, उपटून टाकते. तुम्ही इतक्या खूश झालात की मला कळेना. "अगं, तळापर्यंत ऊन पोचतंय म्हणून उगवली ती. हात लावू नकोस. गाळ धरून ठेवते." मी हात लावला नाही. तुमचं ऐकलं, एकदा तरी ऐकलं, हे इथे नोंदवून ठेवते.

दिवाळीनंतरच्या रविवारी आपण शेवटची थाळी सोडली. तुम्ही शाल गुंडाळून बसला होता. मी म्हणाले, "सहा." तुम्ही म्हणालात, "लिहिलं." मग वही मिटून म्हणालात, "काय गं, नऊ होईल का?" मी म्हणाले, न व्हायला काय झालं. चार दिवसांनी सकाळी खुर्चीत बसून पोहे खाता खाता गेलात. अर्धी वाटी तशीच. लिंबू जास्त झालंय, हे तुमचं शेवटचं वाक्य. झालं होतं खरं.

अस्थी तलावात टाकायच्या नाहीत असं तुम्ही बजावून ठेवलं होतंत, तेव्हा हे धरमपुरीला गेले, नावेतून मध्यापर्यंत जाऊन नर्मदेत सोडून आले. परत आल्यावर म्हणाले, पाणी छान होतं. घर फार रिकामं वाटतं हो. मीठ कमी आहे म्हणणारं कोणी नाही. मला तुमची रोज आठवण येते, आणि रोज कुठल्या ना कुठल्या भांडणासकट येते.

दहाव्याला कावळ्याने मला बोलू दिलं नाही, ते माझ्या पोटात तसंच राहिलं. तेराव्यानंतर मी एकटीच टेकडीवर गेले. म्हटलं, माणसाला नाही तर खड्ड्याला तरी सांगू. जाऊन बघते तर खड्डाच नाही. बांधाने अडवलेल्या मातीने आणि बादल्यांनी भरून आलाय, वर गवत. डावीकडे एक कोपरा थोडा खोल होता, यंदाची बादली मी ओतली तिथे, आता तोही सपाट. भेरूलाल तिथेच विळा घेऊन बसला होता. मला राहवलं नाही. म्हणाले, "भेरू भिया, यहाँ की मिट्टी मैंने निकाली थी. ताई को झूठ बोला था."

त्याने विळा थांबवलासुद्धा नाही. "म्हारे तो मालम है, भाभीजी. बेनजी के बी मालम थो."

मी म्हटलं, कधीपासून?

"इंदोर से आया, उनी दन. म्हने ज बतायो थो."

म्हणजे इंदूरहून आलात त्याच दिवशी त्यानेच सांगितलं होतं, आणि गणपतीच्या पोटावर बोट ठेवून विचारलंत, तेव्हाच तुम्हाला माहीत होतं. मी तिथेच बसले, गवतावर. भेरूलालने मग विळा खाली ठेवला. हिवाळ्यात नळीचं काम काढलंत तेव्हा तुम्ही त्याला काय म्हणाला होतात, ते त्याने तुमच्याच हिंदीत सांगितलं, तुमच्यासारखं बोट उगारून. "भेरू, उसको मत बताना कि मुझे पता है. नहीं तो वो पाइप पकड़ने नहीं आएगी."

वन्सं, मी आले असते का? खूप विचार केला. नसते आले. देवासची आहे मी, तोंड लपवून माहेरी जाऊन बसले असते आणि वर तुमच्याच नावाने बोटं मोडली असती. तुम्ही मला बरोबर ओळखलंत. खरं-खोटं करत बसण्यापेक्षा नळीचं दुसरं टोक हातात राहिलेलं बरं, असं तुम्ही ठरवलंत. दर वर्षी बादली माझ्याच हातात दिलीत, आणि माझा खड्डा माझ्याच हाताने भरून घेतलात, एक शब्द न बोलता. मी मूर्खासारखी समजत राहिले की मी लपवतेय. मी तिथे बसून पुष्कळ रडले. मग हसूही आलं, छत्री आठवून. अजून डावीकडे, अजून डावीकडे. भेरूलाल म्हणाला, "चाय पी लो, भाभीजी." त्याच्या चहातला अर्धा चहा मी प्यायले.

काल रविवार होता. ऊन डोक्यावर आल्यावर थाळी घेऊन घाटावर गेले. ह्यांना वर बसवलं, छत्री दिली, वही दिली. पाणी स्वच्छ होतं, वारा नव्हता. एक गाठ, दोन, तीन. पाणवनस्पतीचे शेंडे दिसत होते, त्यांच्या मधून थाळी खाली खाली. सहावी गाठ गेली, थाळी दिसतच होती. सातवी बुडाली तेव्हा कुठे ती धुरकट होऊन गेली. पुन्हा वर घेऊन पुन्हा सोडली, तुम्ही अशा वेळी दोनदा सोडायला लावायचात. सातच.

"सात," मी ओरडले.

वर पाहिलं तर हे चष्म्याआडून डोळे पुसत होते, पेन हातात तसंच. मी वर गेले, वही घेतली आणि स्वतः लिहिलं. अक्षर तुमच्यासारखं सुरेख नाही.

नऊ अजून दोन गाठींवर आहे. टेकडीची चौथी ओळ आखायची राहिली आहे, परवापासून जाणार आहोत. तुमचं टोक आता मी धरेन. माझं ह्यांना दिलंय, बोळा लावायला शिकवलाय.

आणि हळदीकुंकवाला, तिळगूळ वाटायच्या आधी, सगळ्यांसमोर हे वाचून दाखवेन. पोरांना जोडाक्षरं अडली तरी एवढं कळेल. ट्रॉली गंधवानीहून आली नव्हती. पिवळी माती टेकडीची होती, जागा मी दाखवली होती, आणि तुम्हाला ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

लिहिलं, वन्सं.